करवंदीचा सांधा

कोंडाजी केदारीला ‘नाही’ म्हणता आलं ते वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, आणि तेही एकट्याच्या बळावर नव्हे. हे तो स्वतःच सांगायचा, कुणी विचारलं नाही तरी सांगायचा.

खंडाळ्याजवळच्या कुणे गावचा हा माणूस. भाताची दोन खाचरं, एक गाय, विधवा आई. मोठ्या माणसाने सांगितलं की ऐकायचं, एवढं एकच शिक्षण त्याला पुरेपूर मिळालं होतं. बारा वर्षांचा असताना त्यांची गाय राखीव रानात शिरली आणि जंगलखात्याच्या राखणदाराने ती अडवली. “हाक कोंडवाड्याकडं,” तो म्हणाला. राखणदार गावाशेजारचाच, चेहरा ओळखीचा. पण त्या दिवशी त्याच्या अंगात खाकी कोट होता. कोंडाजीने आपलीच गाय आपल्याच काठीने कोस-दीड कोस हाकत नेली आणि कोंडवाड्याचं फाटकही स्वतःच ओढून घेतलं. घरी आल्यावर आई रागावली नाही. नुसती म्हणाली, “त्यो तर मागनं चालत व्हता ना रं? मग हाकली कुनी?”



एकोणीसशे अकरा साली तो रेल्वेत लागला. आधी खडी फोडायच्या टोळीत, मग दोन वर्षांनी घाटातल्या करवंदीच्या चौकीवर सांधेवाला म्हणून. आजूबाजूला करवंदाच्या जाळ्या होत्या म्हणून चौकीचं हे नाव, आणि ते फक्त तिथल्या माणसांच्या तोंडी. चौकी म्हणजे एक पत्र्याची खोली, बाहेर बसायला सपाट काळा दगड, आणि रुळाशेजारी सांधा फिरवायचा लोखंडी दांडा.

काम ऐकायला सोपं होतं. खंडाळ्याकडून खाली उतरणारी गाडी जर ब्रेकला दाद देईना, तर घाटाच्या उतारावर तिला आवरणं देवालाही जमलं नसतं. म्हणून तिथे मुख्य रुळातून एक दुसरा रूळ फोडलेला होता. तो खाली न जाता डोंगराच्या अंगाने उलटा वर चढायचा आणि मातीच्या ढिगाऱ्यात संपायचा. सुटलेली गाडी त्या आंधळ्या रुळावर गेली की चढावर तिचा जोर आपोआप मरायचा. सांधा कायम त्या आंधळ्या रुळाकडे वळवून ठेवायचा. उतरणाऱ्या गाडीने सांध्याअलीकडे पुरतं थांबायचं, ड्रायव्हरने गाडी ताब्यात असल्याची शिट्टी द्यायची, आणि मगच सांधेवाल्याने दांडा ओढून खालची वाट मोकळी करायची.

हे त्याला शिकवलं नथूभाऊने. नथू त्याच्याहून पंधरा वर्षांनी मोठा, कुसगावचा, अंगाने किरकोळ, बोलणं मोजकं. पहिल्याच दिवशी त्याने कोंडाजीला दांड्यापाशी उभं केलं होतं.

“चाकं थांबल्याबिगर दांडा हलवायचा न्हाई. मंद झाली म्हंजी थांबली न्हवं.”

“आन साहेबानं हलव म्हटलं तर?”

नथूने तंबाखू मळता मळता वर पाहिलं. “तवाचं तवा बघू,” म्हणाला.

तो ‘तवा’ आला एकोणीसशे सतरा साली. तिकडे विलायतेत लढाई पेटलेली होती आणि इकडे घाटातून रात्रंदिवस मालगाड्या मुंबईच्या बंदराकडे उतरत होत्या. धान्य, चारा, खेचरं, माणसं. करवंदीला प्रत्येक गाडी थांबायची, पुन्हा सुटायची, तोवर मागच्या गाड्या वर खंडाळ्याला ताटकळायच्या. त्यावर तोड काढायला एक तरुण साहेब आला. तांबूस चेहरा, हातात घड्याळ. बोलायचा कमी, घड्याळाकडे बघायचा जास्त. जणू त्याच्याही मागे कुणी उभं होतं. त्याच्याबरोबर दुभाषा म्हणून लोणावळ्याच्या कचेरीतले कारकून दिगंबरपंत यायचे, धोतर चिखलातून सावरत.

नेमका त्याच महिन्यात नथूभाऊ रजेवर होता. त्याची बायको सरुबाई खाचरात घसरून पडली होती, पाय मोडला होता, आणि घरात दुसरं कुणी नव्हतं. त्याच्या पाळीला कर्जतहून बदली माणूस आला होता. त्याला ना घाट माहीत होता ना साहेबापुढे मान वर करणं.

पहिल्या दिवशी साहेबाने काहीच वावगं सांगितलं नाही. पंत म्हणाले, “कोंडाजी, साहेबांचं म्हणणं एवढंच आहे, की गाडी अगदी मंद झाली आणि शिट्टी आली की पुरे. पूर्ण थांबायची वाट बघू नकोस.”

कोंडाजीने मनाशी विचार केला, माणूस चालेल इतकी मंद तर झालेली असते गाडी. त्याने दांडा ओढला. गाडी न थांबता गेली. साहेब हसला आणि त्याच्या पाठीवर थाप मारली. आजवर कुठल्याही साहेबाने कोंडाजीच्या पाठीवर हात ठेवला नव्हता. घरी जाईपर्यंत ती जागा त्याला उबदार वाटत होती.

चार दिवसांनी सांगणं आलं, की गाडी वळणावर दिसली की दांडा ओढायचा. कोंडाजी घुटमळला. पण कालपर्यंत जे केलं त्यात आणि ह्यात अंतर होतं ते किती? शंभर-दीडशे पावलांचं. त्याने ओढला. आणखी आठवड्याने पंतांनी सांगितलं, वरच्या स्टेशनातून गाडी सुटल्याची घंटा आली की लगेच सांधा फिरवून ठेवायचा. म्हणजे गाडी दिसायच्याही आधी.

“पंत, हे नेमात बसतंय व्हय?” कोंडाजीने खालच्या आवाजात विचारलं.

“मला काय विचारतोस? मी आपला साहेबांचा शब्द तुझ्यापर्यंत पोचवतो. जबाबदारी त्यांची.”

जबाबदारी त्यांची, हे ऐकल्यावर कोंडाजीला बरं वाटलं आणि बरं वाटल्याची लाजही वाटली. साहेब चार हातांवर उभा होता. त्याच्या बुटांचा वास येत होता. कोंडाजीचा हात दांड्याकडे गेला तेव्हा त्याला वाटलं, हा आपला हातच नव्हे.

गंमत अशी, की साहेब ट्रॉलीवर बसून खाली गेला की तोच हात पुन्हा त्याचा व्हायचा. मग तो जुन्या नेमाने गाडी थांबवायचा, शिट्टी ऐकायचा, आणि संध्याकाळी पंतांनी विचारलं की खुशाल खोटं सांगायचा, “व्हय जी, सांगितल्याप्रमानं केलं.” तोंडावर नाही म्हणायची छाती नव्हती, पाठीमागे खोटं बोलायची होती. दोन्हीचा त्याला सारखाच वीट यायचा. भाकरी अर्धी टाकून उठायचा.

त्याची बायको बयाबाई हे बघत होती. एका दुपारी तिने विचारून सगळं काढून घेतलं.

“मग नथूभाऊजींना जाऊन इचारा की,” ती म्हणाली.

“काय तोंडानं जाऊ? त्यांनी पयल्या दिशी सांगितलेलं मी ह्या दहा-बारा दिसांत मोडलं.”

तो गेला नाही. पण बयाबाई गेली. सरुबाईच्या पायाला लावायला हाडसांधीचा पाला द्यायचं निमित्त करून ती कुसगावला जाऊन आली आणि तिथे काय बोलणं झालं ते तिने नवऱ्याला सांगितलं नाही.

भाद्रपदाचे दिवस होते. दुपारचे तीन वाजले असतील, पण धुकं असं दाटलं होतं की चौकीतून शंभर-दीडशे पावलांवरचं वळणही दिसत नव्हतं. रूळ ओले, करवंदीच्या जाळ्यांतून पाणी ठिबकत होतं. साहेब आला होता, पंत आले होते. लढाईवर जाणाऱ्या खेचरांची गाडी खाली उतरायची होती आणि तिला अडवायचं नाही असा वरून हुकूम होता. खेचरांबरोबर त्यांची देखभाल करणारी चाळीस माणसं होती.

तेवढ्यात रुळाकडेने नथूभाऊ चालत आला. डोक्यावर घोंगडीची खोळ, बगलेत भाकरीचं फडकं. रजेचे चार दिवस अजून शिल्लक होते. कोंडाजीने त्याला पाहिलं आणि मान खाली घातली.

“भाऊ, तुमी? वहिनींचा पाय?”

“हाय बरा. बयाबाई येऊन गेली,” एवढंच नथू म्हणाला.

घंटा वाजली. वरून गाडी सुटली होती.

साहेबाने घड्याळ पाहिलं आणि पंतांना काहीतरी म्हणाला. पंतांनी कोंडाजीकडे पाहिलं, पण मध्ये नथू उभा होता, नोकरीने वडील. म्हणून ते त्याला म्हणाले, “नथू, सांधा खालच्या वाटेला लावून ठेव. साहेबांचा हुकूम आहे.”

“न्हाई लावायचा,” नथू म्हणाला.

त्याने आवाज चढवला नाही. एखाद्याने पाणी नको म्हणावं तसं म्हणाला. आणि मग बाहेरच्या त्या काळ्या ओल्या दगडावर जाऊन बसला. “गाडी थांबंल, शिट्टी दील, मग लावीन. न्हाईतर साहेबास्नी सांगा, कागुदावर लिवून द्या, खाली सही करा. मग बी इचार करीन.”

पंतांनी ते साहेबाला सांगितलं. साहेबाचा चेहरा लालबुंद झाला. त्याने नथूकडे पाहिलंसुद्धा नाही. सरळ कोंडाजीकडे बोट केलं. “तुम! जल्दी करो!”

कोंडाजीचा हात दांड्यावर होता. तो केव्हा गेला हे त्याला कळलंच नव्हतं. लोखंड गार होतं. पंधरा दिवस त्याने हेच केलं होतं आणि एकदाही काही बिघडलं नव्हतं. साहेब जवळ आला, इतका जवळ की त्याचा श्वास कानाला लागला. “जल्दी!”

कोंडाजीने नथूकडे पाहिलं. नथू त्याच्याकडे बघत नव्हता. डोळ्यांनी खुणावत नव्हता, धमकावत नव्हता. नुसता बसला होता, घोंगडीतून पाणी निथळत होतं. आणि कोंडाजीला एकदम उमगलं, की असंही करता येतं. आपल्यासारखाच एक माणूस, तोच पगार, तोच बिल्ला, तोच साहेब समोर, आणि हा बसलाय. आभाळ काही कोसळलेलं नाही.

त्याने दांड्यावरून हात काढला.

“मला बी जमायचं न्हाई, साहेब,” तो म्हणाला. आवाज फुटला नाही, नुसते ओठ हलले असं त्याला वाटलं. पण पंतांनी ते ऐकलं असावं, कारण त्यांनी ते साहेबाला सांगितलं.

साहेब पंतांवर ओरडला. काय ओरडला ते कोंडाजीला कळलं नाही, पण पंत पांढरेफटक पडले, दांड्याकडे दोन पावलं गेले आणि थांबले. “साहेब, हे माझं काम नव्हे,” असं ते इंग्रजीत म्हणाले. हे त्यांनीच पुढे सांगितलं. आता दांड्यापाशी कुणीच नव्हतं. दांडा साहेबापासून हातभर अंतरावर होता. त्याला तो ओढणं काही अवघड नव्हतं. त्याने हात पुढे केलाही. दांड्याजवळ नेला. आणि तिथेच धरून ठेवला. दुसऱ्याच्या हाताने पंधरा दिवस जे सहज होत होतं ते स्वतःच्या हाताने करायची वेळ आली तेव्हा साहेबाचाही हात अडला.

मग धुक्यातून शिट्टी ऐकू आली. ताब्यात असल्याची ठरावीक शिट्टी नव्हे ती. एकसारखी, न तुटणारी, लांब किंकाळी. जमीन हादरायला लागली. धुकं फाडून इंजिन बाहेर पडलं तेव्हा त्याच्या चाकांखालून ठिणग्या उडत होत्या. ब्रेक लावलेले होते आणि ओल्या रुळावरून चाकं नुसती घसरत होती. गाडी चौघांच्या समोरून वाऱ्यासारखी गेली, सांध्यावर खडखडली, आणि डोंगराच्या अंगाने वर चढली. एकेक डबा आंधळ्या रुळावर गेला. वेग मरत गेला. शेवटी मातीच्या ढिगाऱ्यात इंजिनाने तोंड खुपसलं आणि सगळं थांबलं.

खेचरांचं ओरडणं तेवढं ऐकू येत होतं. चाळीसच्या चाळीस माणसं एकेक करून खाली उतरली. दोघांची डोकी फुटली होती, एकाचा हात मोडला होता. ड्रायव्हर उतरला, रुळाकडेला बसून ओकला, मग उठून चौकीपाशी आला आणि सांध्याकडे बघत राहिला. ख्रिस्ती माणूस होता तो, म्हातारा होत आलेला. त्याने नथूचे दोन्ही हात धरले.  

साहेब चौकीच्या भिंतीला टेकून उभा होता. घड्याळ त्याच्या हातातच होतं.

पुढे लोणावळ्याला चौकशी झाली. कोंडाजीला वाटलं होतं, आता हुकूम मोडला म्हणून बिल्ला जाणार. पण आत गेल्यावर कळलं, की दिगंबरपंतांनी पंधरा दिवसांत काय काय सांगितलं गेलं ते तारीखवार लिहून दिलं होतं, आणि त्यात स्वतःचं नावही लपवलं नव्हतं. ‘मी हे शब्द पोचवले’ असं त्यांनी लिहिलं होतं. साहेबाला विचारलं तेव्हा तोही खोटं बोलला नाही. त्याची बदली झाली. जायच्या आदल्या दिवशी तो एकटाच करवंदीला आला, दुभाषा न घेता. मोडक्या हिंदुस्तानीत म्हणाला, “तुम दोनों ने हमको बचाया.” कोंडाजीला आयुष्यभर त्या साहेबाचा राग आला नाही. तो म्हणायचा, “मी तर पंधरा दिस त्याच्याच रांगेत हुबा व्हतो की.”

बक्षीस कुणाला मिळालं नाही. नथूला उद्धट बोलल्याबद्दल समज मिळाली, ती त्याने तंबाखूच्या पिंकेबरोबर थुंकून टाकली. नेम मात्र पूर्वीचाच कायम झाला, आणि तो मराठीत छापून चौकीत लावला गेला.

त्या वर्षीपासून भात झोडपून झालं की नव्या आंबेमोहोराची पहिली पायली कोंडाजी कुसगावला नथूभाऊच्या घरी पोचवायचा. नथू सुरुवातीला चिडायचा. “मी काय देव हाय, निवद दावायला?” पण सरुबाई ते तांदूळ ठेवून घ्यायची आणि त्याच दिवशी भात करून कोंडाजीला वाढायची. तिचा पाय थोडा आखूड राहिला होता. ती वाढायला वाकली की नथू उठून तिच्या हातातलं भांडं घ्यायचा. एरवी कुणासमोर न बोलणारा हा माणूस बायकोला इतकं जपायचा, हे कोंडाजीला त्या फेऱ्यांतूनच कळलं.

नथू एकोणीसशे तेहतीसमध्ये दम्याने अंथरुणाला खिळला. कोंडाजी भेटायला गेला तेव्हा इतक्या वर्षांत न विचारलेलं त्याने विचारलं.

“भाऊ, त्या दिशी तुमी एवढं निवांत कसं वो बसला? मला तर घाम फुटला व्हता.”

नथू हसला, मग खोकला, मग पुन्हा हसला. “निवांत? आरं, पाय लटलट कापत व्हतं. हुबा ऱ्हायलो असतो तर साहेबाला दिसलं असतं. म्हनून बसलो.”

कोंडाजीने पाण्याचा तांब्या त्याच्या हाती दिला. दोन घोट घेऊन नथू पुढे म्हणाला,

“आनी एक सांगू? तू हात काढला नसतास ना, तर मी उटलो असतो. म्हटलं असतं, जाऊ द्या, जवान पोराची नोकरी कशाला घालवा. लावला असता मीच सांधा. तुज्याकडं मी बघत नव्हतो, पर तुज्या हाताकडं बघत व्हतो. त्यो निघाला, तवा माजं बूड दगडाला चिकाटलं.”

“म्हंजी तुमी माज्यामुळं, आन मी तुमच्यामुळं?”

“आन आपुन दोघं बयाबाईमुळं. ती काय म्हनली ठावं हाय? म्हनली, भाऊजी, ह्यांना कळतंय सगळं, पर एकल्यानं व्हत न्हाई. तुमी नुसतं जाऊन संगं हुबं ऱ्हावा.”

कोंडाजी घरी आला तेव्हा बयाबाई अंगणात सुपात तांदूळ पाखडत होती. सोळा वर्षं ती हे बोलली नव्हती. तो शेजारी बसला आणि तिच्या सुपातले खडे वेचू लागला. तिने एकदा त्याच्याकडे पाहिलं आणि थोडं सरकून जागा केली.

नथू त्याच हिवाळ्यात गेला. त्याला मूलबाळ नव्हतं. तेराव्यानंतर कोंडाजी आणि बयाबाई बैलगाडी घेऊन कुसगावला गेले आणि सरुबाईला कुण्याला घेऊन आले. ती “नको नको” म्हणत होती, पण बयाबाईने तिचं गाठोडं आधीच गाडीत टाकलं होतं.

कोंडाजी पुढे करवंदीवर आणि मग खंडाळ्याच्या यार्डात काम करून, रेल्वेत पस्तीस वर्षं भरल्यावर एकोणीसशे शेहेचाळीस साली निवृत्त झाला. त्याच्या हाताखाली कितीतरी नवे सांधेवाले तयार झाले. त्यांना तो नेम शिकवायचाच, पण शिकवून झाल्यावर म्हणायचा, “नेम ठावं असून भागत न्हाई, बाबा. साहेब मानंवर हुबा ऱ्हायला की शाना मानूस बी इसरतो. तसं झालं तर मला हाक मारा. पाळी नसली तरी यीन. माज्यानं दुसरं काई व्हनार न्हाई, पर संगं बशीन.” दोन-तीनदा त्याला खरंच हाक आली, आणि तो गेला.

सरुबाई त्यांच्याकडे अकरा वर्षं राहिली. शेवटच्या दिवसांत तिला दिसेनासं झालं होतं. दुपारी ती ओसरीवर बसायची, आणि घाटातून उतरणाऱ्या गाडीचा आवाज आला की विचारायची, “कोंडाभावजी, सगळी मानसं नीट गेली का?”

“गेली, वहिनी,” कोंडाजी म्हणायचा, आणि मग पाटाचं पाणी सोडायला खाचराकडे निघायचा.